चेरी तोडण्याची सहल आणि गोव्यातला मे महिना

म्हार्दोळकर | ४ मे, रात्री ९.१०

नमस्कार. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही कॅलिफोर्नियात भावाकडे होतो. तेथे एका शनिवारी त्याने आम्हा पाच जणांना, म्हणजे आम्ही दोघे, दोन मुलगे आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई, गाडीत घालून ब्रेंटवुड नावाच्या गावी चेरीच्या बागेत नेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, तास-सव्वा तासाच्या वाटेवर हे गाव आहे. फाटकापाशी रिकामी बादली हातात द्यायची, लोकांनी हवी तेवढी फळे स्वतःच्या हाताने तोडायची आणि बाहेर पडताना वजन करून पैसे मोजायचे, असा तेथला सरळ व्यवहार. पुढेमागे मुलांकडे किंवा भावंडांकडे जाणाऱ्या गोवेकरांना उपयोग व्हावा म्हणून आमच्या चुका आधी लिहिते आणि मग एक प्रश्न विचारते.

पहिली चूक उशिराची. न्याहारी आटोपून निघता निघता आम्हाला पोहोचायला साडेदहा झाले. तोवर हाताला येतील अशा सगळ्या फांद्या रिकाम्या झाल्या होत्या आणि शेंड्याकडची फळे काढायला तीन पायांची शिडी ओढत झाडाखाली न्यावी लागत होती. (पुढे दोन पाय आणि मागे एकच, त्यामुळे ती फांद्यांच्या मधोमध घुसते. आपल्या आंब्याखाली अशी शिडी का नाही, असे यजमानांना तेव्हापासून वाटते आहे.) अकरानंतर ऊन असे तापले की आईला गाडीत बसवावे लागले.

दुसरी चूक माझ्या धाकट्याची. चेरी देठासकट तोडायची, हे फाटकापाशी सांगितले होते. आपण आंबा देठासकट काढतो तो चीक लागू नये म्हणून, त्यामुळे देठाचे कौतुक मला नवे नव्हते. पण येथे कारण निराळे निघाले. देठ ज्या ठिकाणी फांदीला जुळतो तेथे बोटाच्या पेराएवढा एक खडबडीत खुंट असतो आणि पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे त्याच खुंटावर धरलेले असतात. फळ धरून खाली ओढले की खुंटच पानांसकट हातात येतो. धाकट्याने पहिल्या दहा मिनिटांत असे दोन खुंट मोडले. बागेतला एक वयस्क कामगार ते पाहून जवळ आला, रागावला नाही, मोडलेला खुंट त्याच्या तळहातावर ठेवून त्यावरचे डोळे त्याने एकेक करून मोजून दाखवले, आणि मग देठ वरच्या टोकाला चिमटीत धरून किंचित वळवत वर उचलायचा कसा, ते स्वतः करून दाखवले. त्यानंतर पोराने एकही खुंट मोडला नाही.

तिसरी चूक आईची, आणि तीत आम्ही सगळेच सामील होतो. अर्धवट लाल झालेली फळेही तिने भरपूर तोडली आणि घरी आल्यावर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली, कारण मानकुराद आंबा असाच पिकतो. चेरी तशी पिकत नाही. तीन दिवसांनी डबा उघडला तेव्हा फळे होती तेवढीच आंबट होती, फक्त वरून सुरकुतली होती.

आता प्रश्न. आमच्या मुलांना या वर्षीही तसेच काहीतरी हवे आहे. नवे शालेय वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्यापासून सुट्टी म्हणून हाती काय ती मे महिन्याची उरते. गोव्यात एका दिवसात जाऊन येण्यासारखी, स्वतःच्या हाताने फळे तोडता येतील अशी जागा आहे का? मसाल्याच्या बागांतली फेरी, स्वागताची फुले आणि जेवणाचे ताट आम्ही पाहून झालो आहोत. तेथे पाहता येते, तोडता येत नाही.

डिचोलीकर | ४ मे, रात्री ९.४८

धागा उत्तम. मूळ प्रश्नाआधी एक पोटप्रश्न: गोव्यात चेरीच का लावू नये? आमच्या इकडे रोपे विकायला येणाऱ्या गाडीवाल्याकडे मागच्या पावसाळ्यात ‘चेरी’ अशी चिठ्ठी लावलेली रोपे होती. मी एक घेतलेही आहे.

माती_आणि_मूळ | ४ मे, रात्री १०.३०

डिचोलीकर, आपण घेतलेले रोप बहुधा सिंगापूर चेरीचे किंवा बार्बाडोस चेरीचे असेल. दोन्ही उष्ण प्रदेशातली झाडे आहेत, गोव्यात आनंदाने वाढतात, आणि खऱ्या चेरीशी त्यांचा नात्यागोत्याचा संबंध नाही. खरी गोड चेरी गुलाबाच्या कुळातली, बदाम आणि पीच यांची बहीण. तिला हिवाळ्यात झोप लागते. थंडीत तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली किती तास राहिले, याचा हिशेब तिच्या कळ्या ठेवतात. बहुतेक जातींना असे ७०० ते १००० तास लागतात, काहींना त्याहूनही अधिक. तो कोटा भरला नाही तर वसंतात कळ्या नीट फुटत नाहीत, फुले तुरळक आणि मागेपुढे येतात, आणि फळ धरत नाही. गोव्यात जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा पंधरा-सोळाच्या खाली क्वचितच उतरतो. म्हणजे कोट्यातला एक तासही जमा होत नाही. शिवाय बहुतेक गोड चेरींना स्वतःचे पराग चालत नाहीत, शेजारी जुळणारी दुसरी जात आणि मधमाश्या असाव्या लागतात. तेव्हा एकटे रोप आणून कुंडीत लावले तर पाने दिसतील, तीही काही दिवसच.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो. बेकरीतल्या केकवर जी लालभडक चेरी आपण लहानपणापासून खात आलो, ती पुष्कळदा करवंद असते. कच्ची करवंदे चिरून, बिया काढून, साखरेच्या पाकात मुरवून त्यांना लाल रंग देतात. म्हणजे म्हार्दोळकरताईंच्या मुलांना बेकरीतली ‘चेरी’ तोडायची असेल तर त्यांना कॅलिफोर्नियाला जाण्याची गरज नाही, डोंगरावरच्या कांटांच्या, म्हणजे करवंदांच्या, जाळीत हात घालावा लागेल.

डिचोलीकर | ४ मे, रात्री १०.४१

रोप सिंगापूर चेरीचेच निघाले. पाने लवदार आणि चिकट आहेत. धन्यवाद, आणि गाडीवाल्यालाही नमस्कार.

परतलेला_ताळगावकर | ५ मे, सकाळी ८.०५

मी त्या भागात बारा वर्षे काढली आणि दर मे महिन्यात ब्रेंटवुडला जात असे, म्हणून ताईंच्या माहितीत थोडी भर घालतो. तेथला हंगाम एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या आरंभी सुरू होतो आणि जूनच्या मध्यावर जवळजवळ संपतो. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी त्यांची मेमोरियल डेची सुट्टी असते, आणि त्या तीन दिवसांत तेथली गर्दी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला लाजवील अशी असते. ताई नेमक्या त्याच सुमारास गेलेल्या दिसतात. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी, बाग उघडते त्याच वेळी पोहोचावे. निघण्यापूर्वी त्या दिवशी बाग उघडी आहे की नाही याची खात्री करावी, कारण आदल्या दिवशी लोकांनी झाडे रिकामी केली असतील तर उरलेली फळे पिकेपर्यंत बाग दोन-तीन दिवस बंद ठेवतात.

पाऊस पडून गेला असेल तर जाऊच नये. पिकत आलेल्या चेरीवर पाणी साचून राहिले की ते सालीतून आत शिरते आणि फळ फुगून तडकते. हे नुकसान इतके मोठे असते की पावसानंतर झाडांवरचे पाणी उडवण्यासाठी बागाईतदार भाड्याने हेलिकॉप्टर आणून बागेवरून अगदी खालून फिरवतात. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा काहीतरी अपघात झाला असे समजून गाडी बाजूला घेतली होती.

जातींविषयी सांगायचे तर आरंभी ब्रुक्स आणि कोरल येतात, त्यानंतर बिंग. बिंग ही गडद, जवळजवळ काळी पडणारी जात, १८७५ च्या सुमारास ओरेगनमध्ये सेथ लुएलिंग याच्या रोपवाटिकेत निपजली आणि तेथला चिनी मुकादम आह बिंग याचे नाव तिला मिळाले. मुकादमाचे नाव फळाला लागल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. आपल्याकडे फेर्नांदीन, हिलारियो, शावियर ही आंब्यांची नावे बहुतेक मालकांच्या आणि मोठ्या माणसांच्या वळणाची. पिवळ्यावर लाली असलेली रेनियर १९५२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या प्रॉसर येथे बिंग आणि व्हॅन यांच्या संकरातून तयार झाली. चवीला ती सर्वांत गोड, पण बोट जोरात लागले तरी तेथे तपकिरी डाग उमटतो, म्हणून ती लहान मुलांच्या हाती देऊ नये.

घरी आणल्यावर चेरी धुवून ठेवू नये. देठासकट, कोरडीच, शीतकपाटात ठेवावी आणि खाण्यापूर्वी धुवावी. आणि बादली भरत आली हे कळत नाही, तेव्हा पैशांचा अंदाज आधीच घ्यावा.

म्हार्दोळकर | ५ मे, सकाळी ९.२२

बादलीचे अगदी खरे. आमची अकरा पाउंड, म्हणजे पाच किलो भरली, आणि पुढचा आठवडा भावाच्या घरी कोणी दुसरे फळ खाल्ले नाही.

पर्वरीची_पाहुणी | ५ मे, दुपारी १.१५

परदेशापर्यंत जाणे सर्वांना शक्य नसते, म्हणून आपल्या देशातली वाट सांगते. भारतातली बहुतांश चेरी काश्मीरमध्ये पिकते. मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत हंगाम असतो, म्हणजे आपल्या सुट्टीला तो बऱ्यापैकी जुळतो. आम्ही तीन वर्षांपूर्वी श्रीनगरला मुक्काम करून एक दिवस हारवनच्या बाजूला आणि एक दिवस शोपियानला गेलो होतो. तेथे बादली आणि वजनकाटा मांडून बसलेली बाग आम्हाला दिसली नाही. आमच्या गाडीवाल्याच्या ओळखीचे कुटुंब होते, त्यांनी आधी कहवा पाजला आणि मग बागेत नेले. फळे खोक्यांत भरण्याचे काम घरातल्या बायका इतक्या वेगाने करत होत्या की आमच्या तोडण्याला त्यांनी मनोरंजन म्हणूनच परवानगी दिली असावी. मिश्री आणि मखमली ही जातींची नावे तेथेच ऐकली. मिश्री टणक आणि गोड असते, प्रवासात टिकते. पणजीत मे-जूनमध्ये प्लास्टिकच्या डबीतून जी चेरी येते तिच्यात हीच पुष्कळ असते, पण तेथे झाडाखाली खाल्लेली आणि येथे पोहोचलेली यांत जे अंतर आहे ते भावात सांगता येणार नाही.

एवढेच सांगायचे की तेथे जाणार असाल तर तोडलेल्या फळांचे पैसे विचारून, आग्रहाने द्या. ते नको म्हणतात, ते आतिथ्य असते, हिशेब नसतो.

सत्तरीची_वाट | ५ मे, रात्री ८.५०

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ताई, आपल्याकडे या दिवसांत स्वतःच्या हाताने गोळा करण्याचे पहिले फळ म्हणजे काजू, आणि त्याचा नियम चेरीच्या नेमका उलटा आहे. चेरी झाडावरूनच घ्यायची, खाली पडलेली घ्यायची नाही. काजूचा बोंडू झाडावरून तोडायचा नाही, खाली पडलेलाच घ्यायचा.

कारण असे. आपण ज्याला फळ म्हणतो तो बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खरे फळ म्हणजे त्याच्या टोकाला लोंबणारी बी. बी आधी वाढते, हिरवी आणि मोठी होते, बोंडू नंतर भराभर फुगतो, आणि दोन्ही तयार झाली की झाड ते स्वतःच खाली सोडते. पिवळा-तांबडा दिसतो म्हणून ओढून काढलेल्या बोंडूची बी पुष्कळदा आत भरलेली नसते, आणि रसाला गोडीही कमी असते. म्हणून फेणीवाले पडलेलेच बोंडू घेतात. पहाटे उजाडता उजाडता निघायचे, टोकाला खिळा लावलेल्या काठीने पाचोळ्यातला बोंडू टोचून उचलायचा म्हणजे कमरेला त्रास होत नाही, आणि बी हाताने पिळून वेगळी करायची. दिवस वर आला की पडलेला बोंडू उन्हाने आणि मुंग्यांनी खराब होतो.

बी दाताने फोडण्याचा मोह मुलांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. कवचातले तेल कातडी जाळते. माझ्या ओठाच्या कोपऱ्यावर सातव्या इयत्तेतला डाग अजून आहे.

फेणीची भाटी चालू असेल तर तीही पाहावी. बोंडू पायांनी तुडवून रस काढतात, उरलेल्या चोथ्याची रास करून तिच्यावर वजन ठेवतात आणि त्यातून रात्रभर जो निवळ रस ठिबकतो तो नीरो. सकाळी प्यायलेला नीरो मुलांनाही चालतो. तोच रस ठेवला की आंबतो, आणि पुढे त्याचा हुर्राक (फेणीहून सौम्य दारू) आणि फेणी होते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण नीरोला बाटलीत बांधून दूर नेणे सोपे नाही, कारण तो थांबतच नाही. तो बागेतच प्यावा लागतो, आणि सहलीचे खरे निमित्त माझ्या मते तेच आहे.

एक सूचना महत्त्वाची. मेच्या पहिल्या पंधरवड्यानंतर काजू संपत येतो, तेव्हा घाई करा. आणि मोकळा डोंगर दिसला म्हणून कुठेही शिरू नका. पुष्कळ काजूबागा हंगामापुरत्या पावणीत, म्हणजे लिलावात, घेतलेल्या असतात. ज्याने पावणीत पैसे मोजले आहेत, त्याच्या दृष्टीने तुमच्या मुलाच्या खिशातल्या दहा बिया ही गंमत नसते. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत तर काहीही गोळा करू नये.

सेवानिवृत्त_परिचारिका | ६ मे, सकाळी ७.३०

सत्तरीची_वाट यांनी सर्व सांगितले पण एक गोष्ट राहिली, आणि ती मी लिहिली नाही तर मला चैन पडणार नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आणि त्यांत काजू गोळा करायला जाणारी माणसे पुष्कळ होती. हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि त्याचे दिवस म्हणजे साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे काजूचेच दिवस.

घाबरून घरी बसा असे मी म्हणत नाही. गावातली, रोज झाडलोट होणारी बाग निवडा, जंगलाला लागून असलेला डोंगर नको. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायजम्याची टोके मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका. आरोग्य केंद्रातून अंगाला लावायचे तेल देत असत, त्याची चौकशी करा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, मुलांना आंघोळ घाला आणि काखा, मानेमागचा भाग, कानामागचा भाग बोटांनी चाचपून पाहा. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. आणि नंतरच्या दहा-बारा दिवसांत कोणाला ताप आला तर डॉक्टरांना ‘आम्ही काजूला गेलो होतो’ हे वाक्य न विसरता सांगा.

कुळागरवाला | ६ मे, दुपारी ३.४०

मी सावईवेऱ्याच्या बाजूला राहतो. घरचे कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची सुपारी-मसाल्याची बाग, आहे, वर डोंगरात थोडा काजू आहे. हा धागा वाचून गेले दोन दिवस विचार करतो आहे की ‘या आणि तोडा’ अशी पाटी आम्ही का लावत नाही. कारणे सांगतो, कारण ती तुम्हा सगळ्यांनाच ठाऊक असावीत असे वाटते.

चार वर्षांपूर्वी मी हौसेने एका गटाला येऊ दिले होते. चाळीस माणसे दोन बसमधून आली. सुपारीची झाडे मोडली नाहीत एवढेच म्हणायचे. पाटाच्या कडेने चालताना लोकांनी पाटाची माती खाली लोटली आणि खालच्या वाफ्याला दोन दिवस पाणी पोहोचले नाही. वेलची जमिनीलगत येते, फुलोरा आणि फळे खोडापाशी मातीवर पसरलेली असतात, हे शहरातल्या माणसाला कसे कळणार? तो वर बघत चालतो. पायाखाली वेलची चिरडली जाते आणि तो जायफळ किती सुंदर आहे म्हणून फोटो काढतो. चेरीची बाग सरळ रांगांची असते, झाडे माणसाच्या हाताला येतील अशी छाटलेली असतात, खाली गवत असते. कुळागरात एकाच वाफ्यात वर माड, मध्ये सुपारी, तिला मिरवेल, खाली केळ आणि वेलची. चुकीचे पाऊल टाकायला येथे पुष्कळ जागा आहे.

दुसरे कारण पैशाचे. चेरी किलोवर विकता येते. माझ्याकडे आलेला माणूस दोन तासांत अर्धा किलो काजू-बी गोळा करतो. त्याचे बाजारभावाने पैसे घेतले तर माझ्या वेळेचेही होत नाहीत, आणि प्रवेशाचे पैसे घेतले तर तो म्हणतो, मग मला काय मिळाले?

तरीही एक फळ असे आहे की ज्यासाठी मी माणसे बोलवीन, आणि ते म्हणजे भिंडां, अर्थात कोकमाची फळे. कोकमाची झाडे माझ्याकडे पाटापासून दूर, वरच्या कडेला आहेत. फळे आता लाल झाली आहेत आणि ती सगळी काढायला मला माणसे मिळत नाहीत. फांद्या वाकलेल्या असतात, लहान मुलाच्याही हाताला फळ येते, काटा नाही, चीक थोडा, आणि फळ दाबून फुटले तरी नुकसान नाही, कारण घरी नेऊन ते फोडायचेच असते. पहिला पाऊस पडला की झाडावरचे फळ पाणचट होते आणि सोलां (आमसुले) वाळत नाहीत, म्हणजे हातात पंधरा-वीस दिवसच आहेत. म्हार्दोळकरताई, तुमचे कुटुंब पाच-सहा जणांचे असेल तर येत्या रविवारी सकाळी साडेसहाला या. निम्मी भिंडां तुमची, निम्मी माझी. याहून मोठा गट मला झेपणार नाही, तेव्हा इतरांनी रागावू नये. पत्ता खासगी निरोपाने देतो.

परतलेला_ताळगावकर | ६ मे, दुपारी ४.०२

निम्मेनिम हा भाव ब्रेंटवुडला कोणी देत नाही.

डिचोलीकर | ६ मे, सायंकाळी ६.२५

कुळागरवाल्यांच्या पोस्टवरून पर्ऱ्याच्या कलिंगडांची गोष्ट आठवली. मनोहर पर्रीकर ती भाषणांतून सांगत असत. त्यांच्या गावचे शेतकरी हंगाम संपला की मुलांना बोलावून मोठ्यांतली मोठी कलिंगडे हवी तेवढी फुकट खाऊ घालत, अट एकच, की बिया चावायच्या नाहीत, भांड्यात टाकायच्या. त्या बिया पुढच्या वर्षी पेरल्या जात. पुढच्या पिढीने मोठी कलिंगडे बाजारात पाठवायला आणि लहान मुलांना द्यायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत फळच लहान झाले. म्हणजे ‘या आणि खा’ ही कल्पना बार्देसात जुनीच आहे, तीही शेतकऱ्याच्या फायद्याची.

माती_आणि_मूळ | ६ मे, रात्री ९.१५

ताई जाणारच असतील तर कांटांसाठी अर्धा तास राखून ठेवावा. फक्त काळी झालेली घ्यावीत, तांबूस असलेल्यात चीक फार असतो आणि ओठ चिकटतात. काटे जोडीजोडीने असतात, म्हणून हात वरून घालू नये, खालून, फांदी दुसऱ्या हाताने उचलून धरून घालावा. चुन्नां मिळाली तर तीही चाखावीत, पांढरी, पिठूळ, आतल्या बीपुढे गर नावापुरता. चेरीशी तुलना करू नये. मुलांना ती चेरीपेक्षा अधिक आवडतील असे मात्र मी पैजेवर सांगतो.

म्हार्दोळकर | ११ मे, रात्री १०.०५

आज जाऊन आलो. सविस्तर लिहायचे ठरवले होते, पण हातांना कोकमाचा रंग आहे आणि फोनच्या पडद्यावर डाग पडत आहेत, तेव्हा थोडक्यात लिहिते.

साडेसहाला पोहोचलो, या वेळी उशीर केला नाही. आधी डोंगरावर काजूकडे गेलो. काजू संपतच आला आहे. दोन तासांत आम्ही पाच जणांनी मिळून जेमतेम दोन किलो बिया गोळा केल्या, आणि कुळागरवाल्यांकडे कामाला येणाऱ्या एका आजीने तेवढ्याच वेळात एकटीने त्याहून अधिक. ती काठी जमिनीवर टेकवतही नव्हती, चालता चालता पाचोळ्यातून बोंडू उचलत होती. थोरल्याने काठी मागून घेतली आणि पहिल्याच फटक्याला खिळा दगडावर वाकवला.

भिंडांचे काम मात्र खरोखर आपल्याला जमण्यासारखे आहे. झाडाखाली जुनी लुगडी अंथरली होती. खालच्या फांद्यांवरची फळे मुलांनी हाताने काढली, वरच्या फांद्या कुळागरवाल्यांनी आकडीने हलवल्या. पिकलेले फळ नुसत्या हलवण्याने सुटते, कच्चे सुटत नाही, हे पाहून आई म्हणाली की चेरीच्या झाडानेही एवढी अक्कल ठेवली असती तर तिचे तांदूळ वाया गेले नसते. धाकट्याने पहिले फळ तोडताना देठाच्या मुळाशी चिमूट धरली, किंचित वळवली आणि वर उचलले. येथे तसे करण्याची काही गरज नव्हती. कोणी त्याला तसे सांगितलेही नाही.

एकूण अठरा किलो भरली, आमच्या वाट्याला नऊ आली. कांटांची जाळी वाटेतच होती. पैज माती_आणि_मूळ जिंकले. चुन्नां धाकट्याने खिसाभर आणली आहेत. नीरो शेजारच्या भाटीवर प्यायलो आणि हट्टाने एक बाटली बरोबर घेतली. फोंड्यापर्यंत येईतो तिचे झाकण फुगून कडक झाले होते. यजमानांनी ते सैल केले आणि गाडीत वास राहिला, तो अजून आहे.

परिचारिकाताई, कपडे गरम पाण्यात टाकले, सर्वांचे कान-माना तपासल्या. एक गोचीड धाकट्याच्या मोज्यावर चालताना सापडली, चावली नव्हती. मोजे तुमच्यामुळे घातले होते.

सेवानिवृत्त_परिचारिका | ११ मे, रात्री १०.२०

पुढचे पंधरा दिवस त्याच्या तापावर लक्ष ठेवा. बाकी आनंद वाटला.

पर्वरीची_पाहुणी | १७ मे, सकाळी ११.३०

ताई, नऊ किलोंची सोलां झाली का? किती दिवसांत वाळली?

म्हार्दोळकर | १७ मे, दुपारी २.१०

अजून झालेली नाहीत. आईने साली वेगळ्या काढल्या, गर आणि बिया मीठ घालून बरणीत ठेवल्या. खाली जो रस सुटतो त्यात साली रोज संध्याकाळी बुडवायच्या आणि सकाळी पुन्हा उन्हात घालायच्या, असे चार वेळा झाले आहे. रंग आता जवळजवळ काळा आला आहे, आणि आई म्हणते अजून दोन पुटे हवीत. बिया तिने धुवून वेगळ्या ठेवल्या आहेत, भिंडेल (कोकमाचे तेल) काढायचे आहे म्हणते, पण तेवढ्यासाठी त्या फार थोड्या आहेत असे कुळागरवाल्यांनी फोनवर सांगितले आणि आपल्याकडच्याही द्यायचे कबूल केले. काल दुपारी तीनला आभाळ भरून आले तेव्हा घरात कोणी नव्हते. धाकट्याने एकट्याने सातही ताटे गच्चीवरून आत आणली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक लाल थेंब आहे, तो पुसून जात नाही.